ट्रॅक्टरभोवतीची माणसे व जनावरे यंत्राला कशी समजतात?

औताला जुंपलेल्या बैलांसमोर अचानक लहान मूल आले तर बैल बहुधा जागीच थबकतात. ट्रॅक्टर थबकत नाही. ट्रॅक्टरला डोळे नाहीत, त्याचे डोळे म्हणजे चालकाचे डोळे होत. म्हणूनच ट्रॉली मागे घेताना, रोटाव्हेटर चालू असताना किंवा मळणीच्या खळ्यात ट्रॅक्टर वळविताना जे अपघात होतात, त्यांत पुष्कळदा 'मला तो दिसलाच नाही' असे चालक सांगतो.

परंतु चांगला चालक केवळ पाहतो असे नाही. क्षणापूर्वी डाव्या चाकाजवळ उभे असलेले मूल आता दिसत नसेल, तर ते मूल नाहीसे झाले असे तो समजत नाही. ते चाकाच्या किंवा ट्रॉलीच्या आड गेले असावे हे ओळखून तो ब्रेक दाबतो, इंजिन बंद करतो आणि खाली उतरून पाहतो. म्हणजे चालक पाहतो, ओळखतो, लक्षात ठेवतो आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो. ही चारही कामे आता यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यंत्र ती कशी करते, कोठे चुकते आणि आपण कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

१. हा विषय आपण का समजून घ्यावा?

महिंद्रा कंपनीने चेन्नई येथील आपल्या संशोधन केंद्रात तयार केलेला चालकविरहित ट्रॅक्टर २०१७ साली सादर केला. अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये चालकाशिवाय मशागत करणारा मोठा ट्रॅक्टर जाहीर केला. त्यावर कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या बसविल्या असून चोहोबाजूंचे दृश्य टिपले जाते. प्रत्येक चित्रातील ठिपकान् ठिपका कशाचा आहे हे यंत्र सुमारे एक दशांश सेकंदात ठरविते व अडथळा आढळल्यास ट्रॅक्टर थांबवते. याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये १६ कॅमेऱ्यांची सुधारित यंत्रणा दाखविली. फळबागेतील फवारणीच्या ट्रॅक्टरवर मात्र दाट पानोऱ्यामुळे कॅमेऱ्यांच्या जोडीला लायडर हा लेसर संवेदकही द्यावा लागला.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांवर अशी यंत्रणा नाही. परंतु मोटारगाड्यांमध्ये समोरच्या वाहनाचा इशारा देणारी व आपोआप ब्रेक लावणारी साधने आली आहेत. तीच गाडी आपल्या उसाच्या ट्रॉलीमागून व बैलगाडीमागून धावते. तेव्हा विकत घेणारा म्हणून नव्हे, तरी त्याच रस्त्याने जाणारा म्हणून या विषयाशी आपला संबंध येतोच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उपग्रहाच्या साहाय्याने सरळ रेषेत तास धरणारी स्वयंचलित सुकाणू यंत्रणा आणि अडथळा ओळखणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला ट्रॅक्टर कोठे आहे हे कळते, पण ट्रॅक्टरसमोर कोण आहे हे मुळीच कळत नाही. उपग्रहाला बांधावर झोपलेला मजूर दिसत नसतो. ट्रॅक्टर 'आपोआप चालतो' म्हणजे तो 'पाहूनही चालतो' असे समजू नये.

२. यंत्राचे डोळे

सभोवतालची माहिती मिळविण्यासाठी मुख्यतः तीन प्रकारचे संवेदक वापरतात. प्रत्येकाचे गुण व उणिवा वेगवेगळ्या आहेत.

कॅमेरा : रंग, आकार व पोत दिसत असल्याने माणूस, गाय, खांब हा फरक ओळखण्यास कॅमेरा सर्वांत उपयुक्त ठरतो. एका कॅमेऱ्याने अंतर नीट कळत नाही. म्हणून दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवितात. आपण एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटून समोर धरलेल्या बोटाकडे पाहिले तर बोट सरकल्यासारखे दिसते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. या सरकण्यावरूनच यंत्र अंतर काढते. अंधार, समोरून येणारे मावळतीचे ऊन आणि काचेवरील चिखल हे कॅमेऱ्याचे शत्रू होत.

रडार : यातून रेडिओलहरी सोडल्या जातात व वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून अंतर कळते. वस्तू जवळ येत असल्यास लहरींची वारंवारता वाढते, दूर जात असल्यास घटते. त्यामुळे वेगही लगेच समजतो. वाहनांवरील नेहमीच्या रडारच्या लहरीची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते. धुळीचे कण त्याहून फारच बारीक असल्याने धुळीत व धुक्यातही रडार चालते. मात्र त्याला आकार स्पष्ट दिसत नाही. पत्रा ठळक दिसतो, तर माणसाकडून परत येणारी लहर क्षीण असते.

लायडर : यात लेसर प्रकाशाचे झोत चोहोकडे सोडतात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पंधरा मीटरवरील वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा एक कोट्यंश भाग लागतो. एवढा सूक्ष्म वेळ मोजून लायडर अंतर काढते व भोवतालच्या परिसराचा ठिपक्यांचा हुबेहूब नकाशा तयार करते. अंधारातही ते काम करते. परंतु मळणीच्या वेळची दाट धूळ हीच त्याला भिंतीसारखी भासू शकते.

एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, म्हणून शक्य तेथे दोन किंवा तिन्ही संवेदकांची माहिती एकत्र करतात.

३. यंत्र ओळखायला कसे शिकते?

लहान मुलाला आपण गाईची व्याख्या शिकवीत नाही. 'ही गाय, ही म्हैस, हे वासरू' असे दाखवीत जातो. पुढे पुढे कधी न पाहिलेली गायही मूल ओळखते. यंत्रालाही असेच शिकवितात. याला मशीन लर्निंग किंवा यंत्र-अध्ययन म्हणतात.

प्रथम हजारो छायाचित्रे गोळा करतात. त्यांतील प्रत्येक माणूस, जनावर व वाहन यांभोवती माणसे चौकट आखतात व नाव लिहितात. ही चित्रे संगणकातील न्यूरल नेटवर्क नावाच्या रचनेला दाखवितात. या रचनेत लाखो आकडे असतात. सुरुवातीला ती चुकीचे उत्तर देते. चूक किती झाली हे मोजून ते आकडे थोडे थोडे बदलतात. असे असंख्य वेळा केल्यावर उत्तरे बरोबर येऊ लागतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जसे बियाणे तसे पीक, या न्यायाने जशी चित्रे तशी यंत्राची ओळख. जर्मनीतील कार्ल्सरूह शहर व परिसरात टिपलेला 'किट्टी' नावाचा प्रसिद्ध संग्रह २०१२ साली आला. बोस्टन व सिंगापूर येथील रस्त्यांवरचा 'न्यूसीन्स' हा १,००० प्रसंगांचा संग्रह २०१९ साली उपलब्ध झाला. या रस्त्यांवर बैलगाडी कोठून दिसणार? ही उणीव जाणून हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने भारतीय रस्त्यांचा संग्रह तयार करून २०१८ साली तो संशोधकांना खुला केला. हैदराबाद, बेंगळुरू व त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील सुमारे १०,००० चित्रांत रिक्षा, जनावरे व कडा नसलेले कच्चे रस्ते यांचीही नोंद केली आहे. शेतातल्या कामासाठी तर याहूनही वेगळी चित्रे लागतात. वाकून निंदणी करणारी बाई, डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस, झाडाखाली पांघरूण घेऊन झोपलेला राखणदार ही माणसेच आहेत, हे यंत्राला शिकविल्याशिवाय कळण्याची खात्री नसते.

४. ओळखले म्हणजे झाले काय?

नाही. कॅमेरा सेकंदाला अनेक चित्रे घेतो. प्रत्येक चित्रात यंत्राला 'एक माणूस' दिसला, तरी आधीच्या चित्रातील माणूस व आताचा माणूस एकच आहे काय, तो कोणत्या दिशेने व किती वेगाने चालला आहे, हे त्यातून आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा मागोवा ठेवावा लागतो.

दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाचे वहीत खाते ठेवतो, तसेच यंत्र प्रत्येक वस्तूचे एक खाते उघडते. त्यात वस्तूची जागा, वेग, दिशा व ती काय असावी याची नोंद असते. दर चित्रागणिक खालील चार कामे केली जातात.

अ) अंदाज : मागच्या नोंदीवरून वस्तू आता कोठे असेल ते आधी ठरवितात. समजा, ट्रॅक्टर तासी ५.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.५ मीटर वेगाने चालला आहे. समोर २० मीटरवर एक मजूर उभा आहे. तो उभाच राहिला तर एक सेकंदानंतर अंतर १८.५ मीटर व्हावयास पाहिजे.

आ) जोडणी : नव्या चित्रातील कोणती वस्तू कोणत्या खात्यातील, हे ठरवावे लागते. समजा, दोन मजूर एकामागे एक बांधावरून चालले आहेत. अंदाजाप्रमाणे मागचा १ मीटरच्या व पुढचा २.८ मीटरच्या खुणेवर असावा. प्रत्यक्षात चित्रात ० व १.८ मीटरवर दोन माणसे दिसली. जवळात जवळची जोडी आधी लावली तर १.८ वरचा माणूस मागच्या मजुराच्या खात्यात जातो, कारण फरक फक्त ०.८ मीटर आहे. मग पुढच्या मजुराच्या वाट्याला ० वरचा माणूस येतो व फरक २.८ मीटर पडतो. एकूण फरक ३.६ मीटर. याउलट दोघांचाही वेग कमी झाला असे धरून जोड्या लावल्या, तर प्रत्येकी १ मीटर म्हणजे एकूण २ मीटरच फरक पडतो. हीच जोडणी योग्य होय. एकूण फरक कमीत कमी येईल अशी जोडणी शोधण्याची रीत हॅरॉल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने १९५५ साली मांडली. दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्याने तिला 'हंगेरियन पद्धत' म्हणतात.

इ) दुरुस्ती : वरील मजुराचे अंतर अंदाजाने १८.५ मीटर यावयास हवे होते, पण कॅमेऱ्याने १७.९ मीटर दाखविले. खरे कोणते मानावे? अंदाजही चुकू शकतो आणि कॅमेराही. म्हणून दोघांनाही त्यांच्या भरवशाच्या प्रमाणात मान देतात. आपला अंदाज कॅमेऱ्याच्या दुप्पट भरवशाचा आहे असे धरल्यास, ०.६ मीटरच्या फरकापैकी एक तृतीयांश म्हणजे ०.२ मीटर दुरुस्ती करून अंतर १८.३ मीटर मानतात. शिवाय अंतर अपेक्षेपेक्षा कमी भरले, याचा अर्थ मजूर उभा नसून ट्रॅक्टरकडे चालत येत असावा. ही शंकाही खात्यात नोंदली जाते व पुढचा अंदाज त्याप्रमाणे बदलतो. ही रीत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या मार्गदर्शनातही ती वापरली गेली.

ई) खाते उघडणे व बंद करणे : एखादी वस्तू एकदाच दिसली तर ती सावली किंवा उडालेला पाचोळा असू शकेल. म्हणून लागोपाठ काही चित्रांत दिसल्यावरच पक्के खाते उघडतात. उलट, वस्तू दिसेनाशी झाली तरी खाते लगेच बंद करीत नाहीत. मजूर ट्रॉलीच्या आड गेला असेल. तो कोठे असेल याचा अंदाज पुढे चालू ठेवतात, मात्र जसजसा वेळ जातो तसतशी अनिश्चितता वाढते. किती वेळ वाट पाहावी हे यंत्र बनविणाऱ्याने ठरविलेले असते. फार लवकर खाते बंद केले तर आडोशाला गेलेले मूल यंत्र 'विसरते'. फार उशिरा बंद केले तर निघून गेलेल्या माणसासाठी ट्रॅक्टर उगाच थांबून राहतो.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सॉर्ट' नावाच्या पद्धतीत यंत्र-अध्ययनाने मिळालेली ओळख, कालमन यांची रीत व हंगेरियन पद्धत यांची साधी सांगड घातली होती. पुढच्याच वर्षी तिच्यात वस्तूच्या रूपाची आठवण ठेवण्याची सोय करण्यात आली. म्हणजे लाल फेट्याचा माणूस झाडाआड जाऊन पुन्हा बाहेर आला, तर जागेबरोबर त्याच्या रूपावरूनही त्याचे जुने खाते सापडते.

५. एका अपघाताचा धडा

मागोवा तुटला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टेम्पे या गावी घडले. १८ मार्च २०१८ रोजी रात्री उबर कंपनीची चाचणी चालू असलेली स्वयंचलित मोटार तासी सुमारे ७० किलोमीटर वेगाने जात होती. एक महिला सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. मोटारीची धडक बसून तिचा मृत्यू झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी करून नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातील माहिती प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे. मोटारीच्या संवेदकांना ती महिला दिसली नव्हती असे मुळीच नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी, म्हणजे १०० मीटरहून अधिक अंतरावर असतानाच रडारने तिची नोंद घेतली होती. परंतु यंत्र तिला कधी वाहन, कधी 'इतर वस्तू', तर कधी सायकल समजत राहिले. रस्ता ओलांडण्याची खूण नसलेल्या ठिकाणी कोणी पायी रस्ता ओलांडील, हे त्याला शिकविलेच नव्हते.

खरा घोटाळा पुढे झाला. वस्तूचे नाव बदलले की तिच्या मागच्या हालचालीची नोंद पुढचा मार्ग ठरविताना जमेस धरली जात नव्हती. आपल्या उदाहरणात सांगावयाचे तर, दर वेळी नवीन खाते उघडले, पण मागची बाकी पुढे ओढलीच नाही. त्यामुळे ती व्यक्ती सतत एकाच दिशेने रस्ता ओलांडीत आहे ही साधी गोष्ट यंत्राला उमगली नाही. 'इतर वस्तू' म्हणून ओळखलेली गोष्ट तर ते जागची न हलणारीच धरीत असे. धडक होणार हे १.२ सेकंद राहिले असताना त्याच्या लक्षात आले. तेव्हाही खोट्या इशाऱ्यांमुळे मोटार उगाच थांबू नये, म्हणून एक सेकंद कृती रोखून धरण्याची योजना केलेली होती. मोटारीच्या मूळ उत्पादकाने बसविलेली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चाचणीवेळी बंद ठेवली होती. आणि देखरेखीसाठी बसलेल्या चालक महिलेचे लक्ष रस्त्यावर नसून मोबाइलकडे होते. चालकाचे हे दुर्लक्ष हेच अपघाताचे संभाव्य कारण मंडळाने मानले व कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेतील त्रुटींवरही बोट ठेवले.

यातून आपल्यासाठी तीन धडे निघतात. पहिला, समोरची वस्तू नेमकी काय आहे हे कळले नाही तरी ती सरकत आहे व वाटेत येत आहे एवढे कळणेच थांबण्यास पुरेसे असावे. दुसरा, खोट्या इशाऱ्यांना कंटाळून इशारा दाबून टाकणे घातक असते. तिसरा, यंत्रावर भरवसा बसला की माणसाचे लक्ष उडते, आणि नेमके तेव्हाच यंत्र चुकते.

६. शेतातील अडचणी

रस्त्यापेक्षा शेतातील काम काही बाबतींत सोपे आहे. वेग कमी असतो व वर्दळ विरळ असते. परंतु काही अडचणी शेतातच येतात.

उभ्या पिकात माणूस अर्धा किंवा पूर्ण झाकला जातो. उसाच्या फडातून माणूस अचानक बाहेर येतो, तेव्हा त्याचे आधीचे खातेच नसते. वाऱ्याने हलणारी पाने व तुरे यंत्राला हालचाल म्हणून दिसतात. ट्रॅक्टर स्वतः ढेकळांवर हिंदकळत असल्याने स्थिर खांबही हललेला भासतो. यासाठी ट्रॅक्टरचे स्वतःचे हेलकावे मोजून ते वजा करावे लागतात. जोडलेले अवजार किंवा भरलेली ट्रॉली मागचे दृश्य अडवते. म्हणजे अपघाताचा संभव जेथे अधिक, तीच जागा यंत्राला कमी दिसते.

वेळेचा हिशेबही ध्यानात ठेवावा. तासी १५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात ४ मीटरहून अधिक पुढे जातो. यंत्राने एक दशांश सेकंदात निर्णय घेतला तरी सुमारे ४० सेंटिमीटर अंतर गेलेलेच असते. त्यानंतर ब्रेक लागून ट्रॅक्टर थांबण्यास लागणारे अंतर वेगळे. ओली जमीन, उतार आणि भरलेली ट्रॉली असल्यास ते आणखी वाढते. यंत्र कितीही हुशार असले तरी वजन आणि वेग यांचा नियम बदलत नाही.

७. विकत घेताना अथवा भाड्याने घेताना विचारावयाचे प्रश्न

अडथळा ओळखणारी यंत्रणा असलेले वाहन किंवा अवजार कोणी दाखविल्यास विक्रेत्याला पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

१) ही यंत्रणा फक्त इशारा देते, की आपोआप ब्रेकही लावते?
२) समोरचेच दिसते, की बाजूचे व मागचेही? अवजार जोडल्यावर मागचे किती दिसते?
३) रात्री, धुळीत व पावसात ती चालते काय? चालत नसेल तर तसे चालकाला कळते काय?
४) बसलेला, वाकलेला किंवा झोपलेला माणूस ती ओळखते काय? गाय, शेळी, कुत्रा यांचे काय?
५) माणूस आडोशाला गेला तर ती थांबूनच राहते, की लगेच पुढे निघते?
६) संवेदक बिघडल्यास ट्रॅक्टर थांबतो, की आंधळेपणाने पुढे जातो?

केवळ तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. आपल्याच शेतात, आपल्याच अवजारासह प्रात्यक्षिक मागावे. मात्र प्रात्यक्षिकासाठी जिवंत माणूस अथवा जनावर कधीही उभे करू नये. जुने कपडे घालून पेंढा भरलेले बुजगावणे यासाठी वापरावे. ते उभे, आडवे व पिकात अर्धे झाकलेले अशा तिन्ही स्थितींत ठेवून पाहावे. बुजगावणे ओळखले म्हणजे माणूस नेहमीच ओळखेल अशी खात्री मात्र धरू नये.

८. वापरताना घ्यावयाची काळजी

१) रोज काम सुरू करण्यापूर्वी कॅमेरा व लायडरच्या काचा मऊ, स्वच्छ कापडाने पुसाव्यात. फवारणीनंतर औषधाचे डाग राहू देऊ नयेत.
२) संवेदकासमोर दोरी, ताडपत्री, हार किंवा झेंडा लोंबू देऊ नये.
३) संवेदकाला धक्का लागून त्याची दिशा बदलल्यास तो जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावा. दिशेतील थोडासा फरकही लांबवर मोठी चूक घडवितो.
४) वारंवार खोटा इशारा येतो म्हणून यंत्रणा बंद करून ठेवू नये. कारण शोधून दुरुस्ती करून घ्यावी.
५) ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा जोडणीच्या दांड्यावर कोणालाही बसवू नये. बाहेर पाहणारी यंत्रणा ट्रॅक्टरवरून खाली पडणाऱ्याला वाचवू शकत नाही.
६) मागे घेण्यापूर्वी हॉर्न वाजवावा. शंका आल्यास ट्रॅक्टर थांबवून खाली उतरून पाहावे.
७) रात्री रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीला व ट्रॉलीला मागे तसेच बाजूंनी प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. त्या मागून येणाऱ्या चालकालाही दिसतात व त्याच्या वाहनावरील कॅमेऱ्यालाही मदत करतात.
८) मजुरांना उठून दिसणाऱ्या भडक रंगाचे कपडे किंवा जाकीट द्यावे. हिरव्या पिकात हिरवे व काळ्या रानात मळकट कपडे माणसालाही दिसत नाहीत आणि यंत्रालाही.

९. शेतकऱ्यांच्या काही शंका

शंका : यंत्राला माणसापेक्षा चांगले दिसते काय?
उत्तर : काही बाबतींत होय. ते चोहोबाजूंना एकाच वेळी पाहते, थकत नाही व डुलकी घेत नाही. परंतु न पाहिलेली परिस्थिती समजून घेण्यात माणूस पुढे आहे. रस्त्यावर चेंडू आला की मागून मूल धावत येईल, हे आपल्याला कोणी हजार चित्रे दाखवून शिकवावे लागत नाही.

शंका : यंत्र काम करता करता आपोआप शिकत जाते काय?
उत्तर : सर्वसाधारणपणे नाही. शेतात ते शिकलेले वापरते. नवीन शिकविणे कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत होते व सुधारित प्रणाली नंतर यंत्रात भरली जाते. म्हणून यंत्र कोठे चुकले याची नोंद ठेवून ती विक्रेत्याला कळवावी.

शंका : जुन्या ट्रॅक्टरला मागचा कॅमेरा बसविल्यास उपयोग होईल काय?
उत्तर : होय. पडद्यावर मागचे दाखविणारा साधा कॅमेरा ओळख किंवा मागोवा ठेवीत नाही, परंतु आंधळी जागा कमी करतो. पडदा मात्र चालकानेच पाहावयाचा असतो.

सारांश

सभोवतालच्या वस्तूंचा मागोवा घेणारे यंत्र म्हणजे जादू नव्हे. पाहणे, ओळखणे, लक्षात ठेवणे व अंदाज बांधणे ही चालकाचीच कामे त्यात टप्प्याटप्प्याने मांडली आहेत. त्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आठवण. टेम्पे येथील मोटारीला समोरचे दिसले होते, पण दिसलेले एकमेकांना जोडता आले नाही. चांगले यंत्र मिळाल्यास ते जरूर वापरावे. मात्र त्याला दुसरी डोळ्यांची जोडी समजावे, पहिली नव्हे. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी त्याभोवती एक फेरी मारून लहान मुले व जनावरे कोठे आहेत ते पाहण्याची जुनी सवय सोडू नये. त्या फेरीला एक मिनिटही लागत नाही.